तीस फुटांचा नियम

कर्नल मेला त्या दिवशी दौलत बेंडकुळेला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

कर्नल म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या जोडप्याचा लॅब्राडॉर. आदल्या सकाळी दौलतने सात नंबरच्या हिरवळीवर औषध मारलं होतं, चारी कोपऱ्यांत लाल झेंडे रोवले होते आणि कर्नलला फिरवायला आलेल्या साहेबांना हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, उद्या या टायमापर्यंत इकडं नका आणू त्याला. चुकून गेलाच, तर पाय धुऊन काढा. चाटायच्या आधी." साहेब कानातल्या यंत्रावर कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी मान डोलावली. मग साखळी सोडली. कर्नल झेंड्यांमधून धावत गेला आणि ओल्या गवतात पाठ घासून मनसोक्त लोळला. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, मागचे पाय ताठरले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातच तो गेला.

मेघवन ही वसाहत नाशिकच्या पश्चिमेला, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बावीस मजल्यांचे नऊ मनोरे आणि त्यांच्या मधे बारा हिरवळी. पाणी मोजून मिळत असल्यामुळे हिरवळींना सांडपाणीच शुद्ध करून देत. त्या खारट पाण्यावर तग धरेल असं एक गवत प्रयोगशाळेत तयार झालं होतं. बारमाही हिरवं, चार बोटांच्या वर न वाढणारं, अंथरलेल्या गालिच्यासारखं. पण लाडावलेल्या पोरासारखं ते नाजूकही होतं. साधी हराळी शेजारी उगवली तरी मान टाकायचं, आणि मुळांना अळी लागली की दोन दिवसांत पिवळं पडायचं. म्हणून तणनाशक आणि कीटकनाशक यांचं मिश्रण दर पंधरा दिवसांनी प्रत्येक हिरवळीवर मारावं लागे. फवारणारी यंत्रं आणून पाहिली होती, ती उतारावर उलटली. माणूस उलटत नाही. धरणापलीकडच्या वाडीतून रोज येणारा छप्पन्न वर्षांचा दौलत नऊ वर्षं पाठीवर पंप घेऊन हे काम करत होता.

कुत्री मात्र त्याच्यावर जीव टाकत. त्याच्या खिशात भाकरीचे तुकडे असत. कुठल्या कुत्र्याला पाठ खाजवलेली आवडते, कुठलं शेपटीला हात लावू देत नाही, हे त्याला मालकांपेक्षा जास्त ठाऊक होतं. कर्नल गेला तेव्हा तो घरी जाऊन न जेवता पडून राहिला. बायको यमुना म्हणाली, "अहो, तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना?"

"सांगितलं होतं," दौलत म्हणाला. "नऊ वर्षं सांगतोय."

*

डिसेंबरात पट्टे आले.

वसाहतीच्या सभागृहात डॉक्टर नाझनीन पिंजारींनी ते सगळ्यांना दाखवले. नाझनीनबाईंचा जनावरांचा दवाखाना वसाहतीच्या फाटकासमोरच होता आणि कर्नल त्यांच्याच टेबलावर गेला होता. त्या फार थकलेल्या दिसत होत्या, पण बोलणं स्वच्छ होतं.

"कुत्र्याला औषधाचा वास येत नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "आपल्यापेक्षा हजारो पटींनी येतो. पण हा वास म्हणजे विष, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. उलट या मिश्रणाला जरा गोडूस वास आहे, म्हणून तो चाटतो. या पट्ट्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती आहे. तिच्यावर कुत्र्याच्या नाकात असतात तशाच पेशी आहेत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या. दर पंधरा सेकंदांनी चकती आजूबाजूची हवा हुंगते. औषधाचा अंश सापडला की पेशी उत्तेजित होतात, त्यातून बारीकशी वीज निघते आणि दिवा लागतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे तिथून ताबडतोब निघा. दिवा लाल झाला की पट्टा वाजतोही."

मागून कुणीतरी विचारलं, "पण डॉक्टर, आमची मुलंही त्याच गवतावर खेळतात. त्यांना कुठे काय होतं?"

"फरक मूत्रपिंडाचा आहे. यातलं तणनाशक माणसाच्या अंगात गेलं, तर मूत्रपिंडं ते दोनेक दिवसांत लघवीवाटे बाहेर टाकतात. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते नीट जमत नाही. त्याच्या अंगात ते आठवडाभर साचून राहतं. आजच्या औषधाचं उरलेलं आणि परवाचं नवं, अशी बेरीज होत जाते."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दौलतने हे ऐकलं. त्याला बरं वाटलं. दोन दिवसांत निघून जातं म्हणजे चांगलंच की.

पट्ट्यांबरोबर पंपही बदलले. पट्टा घातलेलं कुत्रं पंपापासून तीस फुटांच्या आत आलं की पंप आपोआप बंद पडायचा. प्रत्येक पट्टा वसाहतीच्या यादीत नोंदवलेला असे आणि रहिवाशांच्या मोबाइलवर वसाहतीचा नकाशा दिसे. ताज्या फवारलेल्या हिरवळी त्यावर लाल, दुसऱ्या दिवशी पिवळ्या, मग हिरव्या. जनावरांच्या सुरक्षेचा नवा कायदा झाला होता; तो पाळल्याचं प्रमाणपत्र मेघवनला राज्यात सगळ्यांत आधी मिळालं.

आणि पट्टे खरोखर चालले. डिसेंबर, जानेवारी, अर्धा फेब्रुवारी गेला, एकही कुत्रं आजारी पडलं नाही. दौलतला आता कुणापुढे हात जोडावे लागत नव्हते. लाल दिवा लागला की साहेब लोक स्वतःच कुत्र्यामागे धावत सुटायचे. इतक्या वर्षांत जे आपल्या तोंडाला जमलं नाही ते एवढ्याशा दिव्याला जमलं, याचं त्याला थोडं हसू येई.

*

अलीकडे फेब्रुवारीच्या शेवटालाच ऊन चाळिशीला टेकायचं. त्या सकाळी नऊ वाजताच दौलतच्या सदऱ्याला घामाचे नकाशे उमटले होते. तो फरसबंदीवर पाणी पीत उभा होता. पंप दूर, कोठीत कुलूपबंद. समोरून टिपणीसबाई आल्या. कुमुदिनी टिपणीस, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. त्यांचा ढब्बू हा गावठी, बुटका, पोट सुटलेला कुत्रा. दौलतला पाहताच त्याने नेहमीप्रमाणे हिसका मारला, साखळी सोडवून घेतली आणि दौलतच्या पायांत येऊन पडला.

पट्टा वाजायला लागला. लाल.

"अगं बाई, इथे कुठे मारलंय औषध?" टिपणीसबाई गोंधळल्या.

"इथं नाही मारलं, बाई. फरशीवर कशाला मारू?"

दौलत चार पावलं मागे सरला. पट्टा गप्प झाला. ढब्बू शेपूट हलवत पुन्हा जवळ आला. पट्टा पुन्हा वाजला.

"बिघडला असेल," बाई म्हणाल्या. पण त्यांनी ढब्बूची साखळी उचलली आणि हाताला दोन वेढे देऊन धरली.

त्या आठवड्यात आणखी पाच पट्टे "बिघडले". सगळे दौलतजवळच.

शेवटी नाझनीनबाईंनी त्याला दवाखान्याच्या गच्चीवर बोलावलं. तिथे गवताची काडी नव्हती. साबणाने अंघोळ करून, कोरा सदरा घालून तो आला होता. बाईंनी एक नवा पट्टा काढला आणि त्याच्या केसांपासून खाली फिरवत आणला. केसांजवळ पिवळा. मानेपाशी लाल. तळहातांवर इतका जोरात वाजला की खाली पिंजऱ्यातली कुत्री भुंकायला लागली.

"घामावाटे येतंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "थंडीत घाम नव्हता म्हणून कळलं नाही. नखांच्या खाली, कातडीच्या भेगांत मुरलंय, आणि आतूनही येतंय."

"पण तुम्ही म्हणाला होता, माणसाच्या अंगातून दोन दिवसांत निघून जातं."

"जातं."

"हां. पण मी रोज मारतो, बाई." दौलतने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, हिशेब समजून घेत असल्यासारखं सांगितलं. "एकेका हिरवळीची पाळी पंधरा दिवसांनी येते. हिरवळी बारा. म्हणजे गवताला पंधरा दिवसांतनं एकदा, आणि मला रोज."

नाझनीनबाईंनी पट्टा बंद केला. पेटीत परत ठेवला.

"माणसाला किती चालतं?" त्याने विचारलं. "कुत्र्याला किती चालतं ते यात भरलंय ना? तसा माणसाचा आकडा असेल."

"कायद्यात हवेत किती चालतं त्याचा आकडा आहे, आठ तासांच्या पाळीचा. तुम्ही उघड्यावर काम करता, त्यामुळे तो कधीच ओलांडला जात नाही. अंगातला आकडा कुणी ठरवलेला नाही. मी जनावरांची डॉक्टर, मामा. ठरवण्याचा अधिकार मला नाही."

*

कार्यकारिणीची बैठक झाली. सचिव देवस्थळी हे वागायला मऊ गृहस्थ. त्यांनी दौलतला खुर्ची दिली, चहा दिला. चहा कागदी पेल्यात होता, बाकीच्यांचा कपांत.

"मामा, हे तुमच्याबद्दल नाही, हे आधी लक्षात घ्या," ते म्हणाले. "तुम्ही घरचे आहात. प्रश्न प्राण्यांच्या सुरक्षेचा आहे. कायद्यात तीस फुटांचा नियम आहे. तो पंपाला आहे तसा, म्हणजे... औषधाच्या कुठल्याही स्रोताला आहे."

"स्रोत म्हणजे?"

"म्हणजे जिथून ते येतं."

ठरलं ते असं. दौलतने मागच्या फाटकाने यायचं. कुत्री फिरण्याच्या वेळात आवारात थांबायचं नाही. इतर वेळी कुणाही कुत्र्यापासून तीस फूट लांब राहायचं. कमरेला पट्ट्यासारखीच हुंगणारी चकती बसवलेला एक बिल्ला लावायचा, म्हणजे अंगात औषध आहे तोवर तो कुठे आहे ते नकाशावर दिसेल. त्या दिवसापासून मेघवनच्या साडेसातशे मोबाइलवर बारा हिरवळी आपापल्या जागी रंग बदलत राहिल्या आणि त्यांच्यामधून एक लाल ठिपका हळूहळू फिरत राहिला.

ठेकेदार निकमकडे दौलतने अंगभर झाकणारा पोशाख मागितला. निकम म्हणाला, "मागणी टाकलीय." तीन वर्षांपूर्वीही टाकली होती. तेव्हा एक आला होता, जाड प्लास्टिकचा. मार्चच्या उन्हात तो घालून दौलत अकरा वाजता भोवळ येऊन पडला होता. फवारणीच्या मधे दोन-दोन दिवसांची सुटी मागितली, तर निकमने बोटं मोजून दाखवली. "बारा हिरवळी, पंधरवड्यात कामाचे दिवसही बाराच. तुम्हीच सांगा कुठनं काढू?"

ढब्बू दुरूनच केकाटायचा. टिपणीसबाई त्याला ओढत न्यायच्या आणि दौलतकडे पाहून अपराध्यासारखा हात वर करायच्या. तोही करायचा. मग पाठ फिरवून मागच्या फाटकाकडे निघायचा.

*

प्रतीक्षा, दौलतची थोरली लेक, सिन्नरला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा संपत आला होता. स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. आईला गुडघ्यांचा त्रास, म्हणून बापाचे कामावरचे कपडे ती रोज न चुकता दगडावर घासून धुवायची.

हे दौलतला रोज दिसत होतं. पण गच्चीवरून आल्यानंतर ते त्याला पहिल्यांदा कळलं.

त्याने नाझनीनबाईंकडून एक पट्टा मागून आणला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो पट्टा लांब काठीच्या टोकाला अडकवून, स्वतःपासून दूर धरून घरभर फिरला. खुंटीवरचा सदरा, लाल. त्याची वाकळ, लाल. ओट्यावरची त्याची बसायची जागा, पिवळी. माठावरचं झाकण पिवळं. यमुना चुलीपाशी बसून पाहत होती.

"ते कुत्र्याचं आहे ना? आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?"

"बघतोय जरा."

"काय बघताय?"

तो काठी घेऊन पुढे सरकला. प्रतीक्षा भिंतीला पाठ लावून बसली होती. दौलत दारातच थांबला, काठी लांब करून पट्टा तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "हातात धर बरं जरा."

तिने धरला. पट्टा वाजला.

तिने दिव्याकडे पाहिलं, मग आपल्या तळव्यांकडे, मग बापाकडे. ती बारावीपर्यंत शिकलेली होती. काय झालं ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिचा दुसरा हात आपोआप पोटावर गेला आणि पोटाला लागायच्या आतच तिने तो उचलला.

"आबा," ती म्हणाली, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"आठ दिवस."

"आठ दिवस मी कपडे धुतेय."

"हो." दौलत उंबऱ्यावर बसला. "कसं सांगावं कळेना. काम सोडलं तर बाळंतपण कशाच्या जिवावर करायचं, हेही कळेना."

यमुना म्हणाली, "काही होत नाही. माझ्या दोन्ही खेपांना हे द्राक्षाच्या बागेत औषधंच मारत होते." आणि मग तीच गप्प झाली. त्या दोन खेपांच्या मधे आणखी एक खेप झाली होती, ती सहाव्या महिन्यात गेली होती. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. आताही कुणी काढलं नाही.

त्या दिवसापासून दौलत कपडे स्वतः धुऊ लागला आणि जेवायला वेगळा, पडवीत बसू लागला. तिथेही तीस फूट कुठले निघायला? घरच वीस फुटांचं होतं.

*

चौथ्या दिवशी तो नाझनीनबाईंकडे गेला. दवाखाना रिकामा होता.

"बाई, पट्टा जवळ असला की पंप चालत नाही ना?"

"तीस फुटांच्या आत असला तर नाही चालत."

"कुणाच्याही गळ्यात असला तरी?"

बाईंनी वर पाहिलं. त्याला काय म्हणायचंय ते त्यांना लगेच कळलं, आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"पट्टा यादीत नोंदवलेला लागतो. नोंदणी डॉक्टरच्या सहीने होते. आणि नोंदणी फक्त..." त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. अर्जात पहिला रकाना होता, प्रजाती. "हा कोरा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही. आणि इथे 'माणूस' असा पर्यायच नाही."

"मग आहे तो टाका."

"मामा, कुत्रा म्हणून नोंद करू मी तुमची?"

"करा. त्यानं माझं काय जातंय? इथं कुत्र्याला आकडा आहे, मला नाही."

"सही खोटी ठरेल माझी. परवाना जाऊ शकतो."

"मग राहू द्या," दौलत म्हणाला आणि खरोखरच उठला. त्याच्या आवाजात रुसवा नव्हता. नाझनीनबाईंना पुढे कित्येकदा वाटलं, तो रागावला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"बसा," त्या म्हणाल्या.

नाव, दौलत. वय, छप्पन्न. हे वय यंत्राने दोनदा नाकारलं, मग बाईंनी आठ टाकलं. रंग, काळासावळा. शेवटचा रकाना होता, मालकाचं नाव आणि सही.

"मालक कोण लावायचा?" दौलतने विचारलं. "निकमचं नाव नको."

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा सकाळच्या बसने आली, उन्हात धापा टाकत, एका हाताने कंबर धरून. तिने सगळा अर्ज वाचला. प्रजातीच्या रकान्यापाशी ती थांबली आणि तिचे डोळे भरून आले.

"कर सही," दौलत म्हणाला. "उशीर होतोय मला."

"बापाची मालकीण म्हणून सही करायची?"

"लहानपणी साऱ्या घरावर हुकूम चालवायचीस की. आता काय झालं?"

ती रडत रडतच हसली आणि तिने सही केली.

*

त्या सकाळी पाठीवर पंप घेऊन दौलत चार नंबरच्या हिरवळीवर उभा राहिला, सदऱ्याच्या आत गळ्यात पट्टा, त्याचा आवाज नाझनीनबाईंनी बंद करून दिलेला. खटका दाबला. पंप मुका. पुन्हा दाबला. मुका. त्याने पंप खाली ठेवला, कोठीतून खुरपं आणलं आणि गवतात मांडी घालून हराळी काढायला बसला. हे काम त्याला लहानपणापासून येत होतं.

निकम दोनदा येऊन पंप तपासून गेला. "यंत्र म्हणतंय जवळ कुत्रं आहे."

"असेल," दौलत म्हणाला.

रोज सकाळी तो खटका दाबायचा, पंप गप्प राहिल्याची नोंद आपोआप व्हायची आणि तो खुरपं घ्यायचा. दिवसाला अर्धी हिरवळ निघायची. पाठ मोडून यायची, घरी पोचल्यावर हातपाय उचलवत नसत. पण चौथ्या दिवशी गळ्यातला दिवा लालचा पिवळा झाला. सातव्या दिवशी भर दुपारी, घामाने निथळत असताना, तो हिरवा झाला. दौलतला आधी वाटलं, विझलाच.

त्याच दिवशी नकाशावरचा लाल ठिपका नाहीसा झाला. टिपणीसबाई ढब्बूला घेऊन खाली आल्या आणि तीस फुटांवर थांबल्या. मग वीस. मग दहा. मग त्यांनी साखळीच सोडून दिली. ढब्बू येऊन दौलतच्या मांडीत असा काही घुसला की खुरपं लांब फेकलं गेलं. बाई शेजारच्या कट्ट्यावर बसल्या. दौलतने त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. गळ्यातला पट्टा काढून दाखवला.

बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "दौलतराव, मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की नकाशा नीट वाचावा. आणि तुम्ही पंधरा दिवस माझ्या मोबाइलवर होतात."

*

बाराव्या दिवशी पंप सुरू झाला.

दौलतने सवयीने खटका दाबला होता. पाठीवर एकदम घरघर झाली तेव्हा तो दचकलाच. त्याने गळ्यातला पट्टा बाहेर काढला. हिरवा नाही, पिवळा नाही, लालही नाही, दिवाच नव्हता. तेवढ्यात नाझनीनबाईंचा फोन आला.

"मामा, मी आत्ता पाहिलं. कंपनीने सगळ्या पट्ट्यांत बदल केलाय. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, अडतीस अंशांच्या वर. त्याच्या खाली ज्याचं अंग सापडेल त्याचं नाव यादीतून आपोआप उडेल. गैरवापर टाळण्यासाठी, असं लिहिलंय."

"म्हणजे मी माणूस आहे म्हणून."

"हो," बाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मला नोटीसही आलीय."

दौलतने फोन ठेवला. पंप पाठीवर थरथरत होता. फरसबंदीवरून निकम येत होता. त्यालाही बातमी लागलेली होती. "झाला ना सुरू? चला, सात नंबरपासनं घ्या. बारा दिवसांचं साचलंय."

दौलतने सात नंबरकडे पाहिलं. मग त्याने खटका बंद केला, खांद्यांवरचे पट्टे एकेक करून सोडवले आणि पंप निकमच्या पायांपाशी ठेवला.

"काय झालं? परत बंद पडला?"

"पडला नाही. मी बंद केला."

"अहो, पण का? आता तर काही अडचण नाही."

"अडचण होती तोवर मला काही करावं लागत नव्हतं," दौलत म्हणाला. "आता माझं मलाच करायला पाहिजे."

निकम वाईट माणूस नव्हता. त्याने बराच वेळ समजावलं, मग आवाज चढवला, मग म्हणाला की उद्यापासून दुसरा माणूस येईल. दौलतने नुसती मान हलवली. पुढच्या फाटकाने तो बाहेर पडला. कुणी अडवलं नाही.

घरी पोचला तेव्हा दहाच वाजले होते. प्रतीक्षा ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. इतक्या लवकर बापाला पाहून ती उठायला लागली.

"बस, बस. काही झालं नाही. दमलोय."

त्याने अंघोळ केली, कपडे धुऊन वाळत घातले आणि पडवीत जाऊन पडला. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपला. यमुना मधून मधून येऊन त्याच्या छातीवर हात ठेवून पाहत होती.

पुढचं थोडक्यात सांगता येईल. टिपणीसबाईंनी आपल्या मनोऱ्यात घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. एका मताच्या फरकाने ठराव झाला आणि दोन हिरवळी औषधाविना ठेवायच्या ठरल्या. त्या दौलतकडे आल्या. हप्त्याचे तीन दिवस तो तिथे खुरपं घेऊन बसतो. त्या गालिच्यासारख्या दिसत नाहीत, मधून मधून पिवळ्या पडतात. उरलेल्या दहा हिरवळींवर पेठचा एक माणूस फवारतो. दौलतने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कळतंय मला, पण लेकरं आहेत." नाझनीनबाईंच्या परवान्याची चौकशी अजून चालू आहे. त्यांनी जिल्ह्यातल्या सदतीस फवारणी कामगारांचा घाम तपासून आकडे सरकारला पाठवलेत. पोच आली आहे, उत्तर नाही.

प्रतीक्षाला मे महिन्यात मुलगी झाली. सव्वादोन किलोची. डॉक्टर म्हणाले, वजन जरा कमी आहे, पण रडते चांगली. का कमी आहे ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी डॉक्टरांना सांगता आलं नसतं. दौलत दवाखान्यातल्या तिच्या खोलीच्या दारापाशी उभा राहून लांबूनच बघत होता.

"आबा, आत या की," प्रतीक्षा म्हणाली.

"राहू दे. इथनं दिसते मला."

"इथनं दिसते म्हणे. या. हात धुवा आणि या."

त्याने हात धुतले. कोपरापर्यंत, नखं घासून, पुन्हा एकदा. टॉवेल नको म्हणाला. हवेत हलवून वाळवले. मग तो आत गेला, आणि प्रतीक्षाने पोरगी त्याच्या हातांत दिली.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "तुम्ही नुसती तोलताय."